धुईचं बी शोधणारा माणूस : जॉन एटकिन

बीदर : दिवाळी सरली की मांजरा आणि कारंजाच्या काठच्या गावांत पहाटे धुई उतरायला लागते. तूर तेव्हा ऐन फुलोऱ्यात असते. धुई दोन-चार दिवस लागोपाठ पडली की भालकी, औराद, आळंद, चिंचोळीकडचा शेतकरी धास्तावतो, कारण फुलं गळतात आणि शेंगा कमी धरतात. हुमनाबाद-कलबुर्गी रस्त्यावर ट्रकवाले सकाळी नऊपर्यंत दिवे लावून गाडी हाकतात. धुई कशानं पडते असं कुणालाही विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं. थंडी आणि हवेतली वाफ. हे उत्तर चूक नाही, पण अर्धं आहे. वाफेला पाणी व्हायला बसायची जागा लागते. ती जागा म्हणजे हवेतला एक सूक्ष्म कण. हे उरलेलं अर्धं उत्तर ज्या माणसानं पुराव्यासह जगापुढे ठेवलं, तो ना मोठा प्राध्यापक होता ना सरकारी शास्त्रज्ञ. तो होता तब्येतीनं खचलेला, घरी बसलेला एक इंजिनिअर. त्याचं नाव जॉन एटकिन.

जॉन एटकिन यांचा जन्म १८ सप्टेंबर १८३९ रोजी स्कॉटलंडमधल्या फॉल्कर्क या गावी झाला. वडील वकील, घरची परिस्थिती चांगली. फॉल्कर्कची ओळख त्या काळी लोखंडाच्या ओतकामासाठी होती. गावाजवळचा कॅरन लोखंड कारखाना १७५९ सालचा. त्याच्या मागोमाग आसपास भट्ट्या उभ्या राहिल्या. दगडी कोळसा, लोखंड, कालवा आणि धूर असं ते गाव. वाडी, शहाबाद, मळखेड, सेडमच्या सिमेंटपट्ट्यात वाढलेल्या माणसाला ते चित्र वेगळं समजावून सांगायची गरज नाही. चिमणी कोणत्या दिशेला आहे आणि आज वारा कुठून आहे, हे अशा गावातल्या पोराला न शिकवता कळतं. एटकिन यांच्या पुढच्या कामात ही वाऱ्याची दिशा वारंवार येते.

गावच्या शाळेनंतर ते ग्लासगो विद्यापीठात इंजिनिअरिंग शिकले. त्या विद्यापीठात तेव्हा विल्यम थॉमसन, म्हणजेच पुढचे लॉर्ड केल्विन, शिकवत होते. नंतर जहाजांची इंजिनं बांधायचं काम शिकण्यासाठी एटकिन यांनी उमेदवारी केली. आधी डंडीला आणि मग ग्लासगोच्या प्रसिद्ध नेपियर कंपनीत. हातानं काम करायची, लेथवर बसायची, धातू घासायची सवय तिथं लागली. पण तब्येतीनं साथ दिली नाही आणि व्यवसाय सुरू व्हायच्या आधीच सोडावा लागला.

इथून पुढं आयुष्यभर त्यांनी नोकरी केली नाही. घरच्या उत्पन्नावर भागत होतं. फॉल्कर्कच्या घरात त्यांनी एक छोटी प्रयोगशाळा आणि शेजारी वर्कशॉप थाटलं. लागणारं जवळपास प्रत्येक यंत्र ते स्वतः बनवायचे. विद्यार्थी नाहीत, खुर्ची नाही. असा माणूस एखाद-दुसरा शोध लावून विसरला जातो, असंच बहुधा घडतं. एटकिन यांचं तसं झालं नाही, कारण त्यांनी एकच प्रश्न जवळजवळ चाळीस वर्षं सोडला नाही.

दोन बरण्या

तो प्रश्न साधा होता. वाफ थंड झाली की पाणी होते, हे सगळ्यांना माहीत. मग ती हवेत अधांतरी, कशालाही न धरता पाणी होऊ शकते का?

१८८० साली एटकिन यांनी काचेच्या दोन मोठ्या बरण्या घेतल्या. एकीत खोलीतली साधी हवा भरली. दुसरीत तीच हवा, पण कापसाच्या जाड बोळ्यातून गाळून. मग दोन्हींत पाणी उकळून निघालेली वाफ सोडली. पहिली बरणी क्षणात पांढऱ्या दाट धुक्यानं भरली. दुसरीत काहीच दिसलं नाही. बरणी स्वच्छ, आरपार दिसणारी. वाफ तितकीच, थंडावा तितकाच, फरक फक्त कापसाच्या बोळ्याचा. पुढं त्यांनी हवापंप लावून हेच वेगळ्या तऱ्हेनं केलं. बंद भांड्यातली दमट हवा अचानक पसरवली की ती गार पडते. साधी हवा असेल तर भांड्यात ढग तयार होतो. गाळलेली असेल तर होत नाही. अर्धवट गाळली तर मोजकेच थेंब तयार होतात, पण ते मोठे असतात आणि पावसासारखे पटकन खाली बसतात.

ही शेवटची गोष्ट वाचताना सहज निसटून जाते, म्हणून इथं जरा थांबायला हवं. कण भरपूर असतील तर पाणी सगळ्यांत वाटलं जातं आणि प्रत्येकाच्या वाट्याला थोडं येतं. थेंब बारीक राहतात, हलके राहतात, तरंगत राहतात. कण कमी असतील तर वाटेकरी कमी, थेंब मोठे, आणि ते खाली येतात. बरणीतला हा हिशेब आभाळातही लागू पडतो. त्याकडे पुढं यायचं आहे.

डिसेंबर १८८० मध्ये एडिंबराच्या रॉयल सोसायटीपुढं त्यांनी हे काम मांडलं. निबंधाचा विषय धूळ, धुकं आणि ढग. पॉल-ज्याँ कुलिए या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८७५ मध्येच बरणीतला असा प्रयोग करून धुळीची गरज दाखवली होती, त्यामुळे पहिलेपणाचा मान एकट्या एटकिन यांना देता येत नाही. पण कुलिए यांचा धागा तिथंच राहिला. एटकिन यांनी तो हातात घेऊन लंडनच्या रस्त्यापर्यंत नेला.

गंधक जाळून पाहिलं तेव्हा

लंडनमध्ये १८८० च्या जानेवारी-फेब्रुवारीत भयंकर धुकं पडलं होतं आणि पुष्कळ माणसं दगावली होती. घराघरात कोळशाच्या शेगड्या, वर कारखाने. लोकांचा राग काळ्या धुरावर होता. धूर बंद करा, धुकं जाईल, असं सगळे समजून होते.

एटकिन यांनी एकेक पदार्थ जाळून त्याची हवा बरणीत सोडून पाहिली. लोखंडाची बारीकशी तार तापवली तरी धुकं होतं. मीठ तापवून त्याची डोळ्यांना न दिसणारी धूळ केली, तरी होतं. गॅसची ज्योत स्वच्छ निळी जळत होती, धूर दिसत नव्हता, तरी बरणी भरली. आणि गंधक जाळलं तेव्हा इतकं दाट धुकं आलं की बाकी सगळे पदार्थ मागे पडले. दगडी कोळशात गंधक असतं. म्हणजे कोळसा कितीही नीट जळाला, काजळी अजिबात निघाली नाही, तरी धुक्याचं बी हवेत जातच राहणार.

हा निष्कर्ष त्या वेळी कुणाला आवडण्यासारखा नव्हता. सुधारलेल्या शेगड्या आणल्या तर लंडनचं धुकं काळ्याचं पांढरं होईल, पण जाणार नाही, असाच त्याचा अर्थ होता. दिसणारा धूर आणि न दिसणारा धूर यांतला हा भेद आजही पचायला जड जातो. चिमणीतून काळं काही निघत नाही म्हणजे हवा स्वच्छ, असं सर्रास मानलं जातं.

पुढं काय झालं ते जगाला माहीत आहे. ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत लंडनवर धुकं आणि धुराची चादर बसून राहिली. लगेचच्या मोजणीत सुमारे ४,००० माणसं त्यात गेल्याचं निघालं. नंतरच्या अभ्यासांनी तो आकडा १२,००० पर्यंत नेला. १९५६ मध्ये ब्रिटननं स्वच्छ हवेचा कायदा केला. एटकिन यांना जाऊन तेव्हा ३७ वर्षं झाली होती.

कण मोजायचे कसे

हवेत कण आहेत हे सिद्ध झालं. पण किती? साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही न दिसणारी वस्तू मोजायची कशी, हा पेच होता. एटकिन यांची युक्ती अशी की कण दिसत नसला तरी त्यावर बसलेला पाण्याचा थेंब दिसतो. मग थेंबच मोजावा.

त्यांनी एक लहान डबी बनवली. आत ओलावा ठेवलेला. तळाशी चकचकीत पट्टी, तिच्यावर एक-एक चौरस मिलिमीटरचे चौकोन कोरलेले. पट्टीपासून डबीचं झाकण बरोबर एक सेंटिमीटर उंच. डबीत गाळलेली शुद्ध हवा भरायची आणि तिच्यात बाहेरची हवा अगदी थोडी, मापून मिसळायची. पंपाचा दट्ट्या ओढला की हवा पसरून गार होते, प्रत्येक कणावर थेंब धरतो आणि थेंब पट्टीवर पडतात. वरून भिंगातून ते मोजायचे. एका चौकोनावर उभा असलेला हवेचा खांब म्हणजे घन सेंटिमीटरचा शंभरावा भाग. समजा चौकोनात दोन थेंब पडले, तर एका घन सेंटिमीटरला दोनशे. त्याला जितपट शुद्ध हवा मिसळली तितक्यानं गुणलं की बाहेरच्या हवेचा आकडा हातात. दुकानदारसुद्धा करू शकेल इतका सोपा हिशेब. यंत्र मात्र घड्याळजीच्या हातानं केल्यासारखं.

१८८८-८९ च्या सुमाराचे त्यांचे आकडे बघण्यासारखे आहेत. पाऊस पडत असताना बाहेरच्या हवेत दर घन सेंटिमीटरला ३२,०००. कोरड्या दिवशी १,३०,०००. खोलीत १८,६०,००० आणि त्याच खोलीत आढ्याजवळ ५४,२०,०००. माणूस ज्या हवेला घरची हवा म्हणतो तिच्यात बाहेरच्यापेक्षा कितीतरी पट जास्त कण! चुलीजवळ तुराट्या-पऱ्हाट्या जाळून स्वयंपाक करणाऱ्या बायकांची हवा एटकिन यांनी मोजली असती तर काय निघालं असतं, याची कल्पना केलेली बरी.

पुढं त्यांनी खिशात मावेल असा कणमोजक केला आणि तो घेऊन हा आजारी माणूस युरोपभर फिरला. पॅरिसला १८८९ मध्ये आयफेल टॉवर नवाकोरा उभा होता, त्यावर चढून हवा मोजली. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर मोजली. स्वित्झर्लंडच्या रिगी डोंगरावर काही वर्षं पुन्हा पुन्हा जाऊन मोजली. स्कॉटलंडच्या निर्जन वायव्य किनाऱ्यावर मोजली. सगळीकडे एकच गोष्ट निघाली. ज्या दिशेला माणसांची वस्ती आणि कारखाने दाट, तिकडून येणाऱ्या वाऱ्यात कण जास्त. रिगीवर आल्प्सकडून वारा आला की आकडा खाली, मैदानातल्या शहरांकडून आला की वर. समुद्र, उंच डोंगर आणि विरळ वस्तीचे प्रदेश हवा धुऊन काढतात, हे त्यांनी आकड्यांनिशी दाखवलं.

कोरडी धूळ आणि ओली धूळ

एटकिन यांचं नाव बहुतेक पुस्तकांत बरणीच्या प्रयोगापाशी संपतं. खरं मोलाचं काम त्यापुढचं आहे, आणि आजच्या प्रदूषणाशी थेट नातं त्याचंच आहे.

डोंगरावर उभं राहून ते तीन गोष्टी टिपायचे. हवेत कण किती, हवा किती कोरडी, आणि दूरचा ओळखीचा डोंगर किती स्पष्ट दिसतो. हवेचा कोरडेपणा मोजायला त्यांच्याकडे दोन थर्मामीटर असत, एक कोरडा आणि एकाच्या गोळीला ओलं फडकं गुंडाळलेलं. दोघांतला फरक जितका मोठा तितकी हवा कोरडी. शेकडो नोंदी एकत्र केल्यावर दिसलं की कोरडेपणा सारखा असताना कण दुप्पट झाले तर दिसण्याचं अंतर साधारण निम्मं होतं. पण कण तेवढेच राहून हवा दमट झाली, तरीही डोंगर अंधुक होतो. म्हणजे तेच कण दमट हवेत जास्त आडवे येतात. का? कारण ते पाणी पितात आणि फुगतात. हवा पूर्ण भरायच्या आधीच, दव पडायची वेळ यायच्या आधीच, कणांवर पाणी धरायला लागलेलं असतं. काचेवर हवेतली धूळ बसवून त्यांनी हे तपासलं. धुळीची जागा दवबिंदूच्या तापमानाला पोचण्याआधीच ओली होते, हे त्यांना दिसलं.

पावसाळ्यात मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, गुळाची ढेप घाम धरते, तोच हा प्रकार. फरक एवढाच की इथं मिठाचा खडा केसाच्या जाडीच्या शेकडो पट लहान असतो आणि तो हवेत तरंगत असतो.

आज या पाण्याचा हिशेब बारकाईनं मांडता येतो. स्वीडनचे हिल्डिंग कोलर यांनी १९२० नंतरच्या काळात त्याचं गणित बसवलं. विरघळणारा कण पाणी ओढतो, तर थेंबाचा लहान आकार पाणी उडवू पाहतो, या दोघांच्या ओढाताणीचं ते गणित. कोणता कण कधी विरघळून थेंब होतो तेही माहीत आहे. साध्या मिठाचा कण हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की, अमोनियम सल्फेट ८० च्या आसपास, अमोनियम नायट्रेट ६२ च्या आसपास. यातलं सल्फेट येतं कोळसा जळून निघालेल्या गंधकातून. नायट्रेट येतं गाड्या आणि भट्ट्यांच्या धुरातून. अमोनिया येतो युरियातून, शेणामुतातून. म्हणजे शहर, कारखाना आणि शेत या तिघांचा वाटा एका थेंबात एकत्र येतो. शिवाय थेंब तयार झाला की तो नुसता बसून राहत नाही. त्या पाण्यात आणखी गंधकवायू विरघळतो, त्याचं सल्फेट होतं, सल्फेट आणखी पाणी ओढतं. व्याजावर व्याज चढावं तसं.

चुनखडीचं उदाहरण कलबुर्गी जिल्ह्याला विशेष लागू आहे. शहाबादी फरशीच्या खाणींची, सिमेंटच्या दगडाची धूळ मुळात पाणी फारसं धरत नाही. पण तिच्यावर गाड्या-भट्ट्यांच्या धुरातून तयार झालेलं नायट्रिक आम्ल बसलं की तिचं कॅल्शियम नायट्रेट होतं, आणि तो पदार्थ बऱ्यापैकी कोरड्या हवेतही पाणी पितो. एक बाजू अशीही आहे की हीच चुनखडी हवेतलं आम्ल मारते. भारतात आम्लपाऊस युरोपाइतका वाढला नाही, त्याला अशी धूळ हे एक कारण आहे. धूळ म्हणजे सगळी सारखीच नाही, इतकं यातून कळतं. गाडीमागे उडणारा फुफाटा जाडा असतो, तो लवकर खाली बसतो. धुई दाट करतात ते त्याहून कितीतरी बारीक, ज्वलनातून निघालेले कण. पाचट, तुराट्या, कचरा, प्लास्टिक पेटवल्यावर जे उडतं त्यातही हेच.

दिल्लीच्या हिवाळ्याचं कोडं याच वाटेनं थोडं सुटलं. आयआयटी मद्रासच्या पुढाकारानं झालेला एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. प्लास्टिकयुक्त कचरा जाळणं आणि काही उद्योग यांतून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते, ती अमोनियाशी मिळून अमोनियम क्लोराइड होतं, ते दमट रात्री पाणी शोषून फुगतं आणि दिसण्याचं अंतर घटण्यातला सुमारे निम्मा वाटा त्याचा असतो, असं त्यात निघालं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं दिल्ली विमानतळावर २०१५ च्या हिवाळ्यापासून धुक्याची खास मोहीम चालवली आहे.

मोबाइलवर दिसणाऱ्या हवेच्या आकड्याबद्दलही एक गोष्ट माहीत असायला हवी. प्रदूषण मंडळाची कण तोलणारी यंत्रं साधारणपणे हवा आत घेताना ती तापवून कोरडी करतात, नाहीतर पाण्याचंच वजन मोजलं जाईल. ते बरोबरच आहे. पण त्यामुळे आकडा कोरड्या कणांचा येतो. पहाटे डोळ्यांसमोर जी पांढरी भिंत दिसते, तिच्यातलं पाणी त्या आकड्यात नसतं. आणि माणसाच्या श्वासनलिकेत हवा जवळजवळ पूर्ण दमट असते. कोरडा म्हणून आत गेलेला कण तिथं फुगतो, आणि त्याचा आकार बदलला की छातीत तो कुठं जाऊन बसतो तेही बदलतं.

सूर्य उगवल्यावर दाट होणारं धुकं

वय सत्तरीपलीकडे गेल्यावर एटकिन यांनी एक विलक्षण निरीक्षण केलं. ऊन आलं की धुकं विरतं, हा सगळ्यांचा अनुभव. पण फॉल्कर्कमध्ये काही सकाळी उलटं व्हायचं. सूर्य वर आल्यावर धुकं आणखी दाट व्हायचं. त्यांनी वाऱ्याची दिशा ताडून पाहिली. वारा मोकळ्या, स्वच्छ बाजूनं असेल तर असं होत नसे. कारखान्यांच्या बाजूनं असेल तर होई. बरणीत गंधकवायू मिसळलेली हवा उन्हात ठेवून पाहिली तर तिच्यात नवे कण तयार झाले. म्हणजे वायूचे कण करायचं काम सूर्यप्रकाश करतो. १९१२ च्या सुमारास हे त्यांनी प्रसिद्ध केलं. मोटारगाड्यांच्या धुरावर ऊन पडून विषारी धुरकं तयार होतं हे लॉस एंजेलिसला कळायला यानंतर तीस-चाळीस वर्षं जावी लागली.

मधल्या काळात त्यांनी इतरही बरंच केलं. थर्मामीटर सावलीत कसे ठेवावेत, वादळं कशी फिरतात, भूमध्य समुद्राचं पाणी निळं का, असे विषय हाताळले. त्यातलं दवावरचं १८८५ चं काम मात्र रब्बी ज्वारी काढणाऱ्या भागानं वाचावं असं आहे. दव आभाळातून पडतं हा जुना समज होता. एटकिन यांनी गवताचा ढेकळासकट तुकडा कापून संध्याकाळी तोलला. रात्री दव धरत असतानाच पुन्हा तोलला. वजन वाढायला हवं होतं, ते घटलं. म्हणजे पाणी जमिनीतूनच वर येत होतं आणि त्यातलं काही पात्यावर अडकत होतं. आणि पात्याच्या टोकाला जो टपोरा थेंब दिसतो तो दव नसून झाडानं स्वतः बाहेर टाकलेलं पाणी आहे, हेही त्यांनी दाखवलं. रब्बीची ज्वारी दवावर येते असं म्हणायची पद्धत आहे. त्या दवातलं किती पाणी वरचं आणि किती काळ्या रानाच्या पोटातलं, हा प्रश्न एटकिन यांच्या तराजूनं उभा केला.

मानसन्मान मिळाले, पण त्यासाठी त्यांनी गाव सोडलं नाही. १८८९ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सभासद झाले, आणि त्याच सोसायटीचं रॉयल पदक १९१७ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षाच्या आसपास, मिळालं.

त्यांच्या कामाची एक फांदी भलतीकडेच गेली. बेन नेविस या ब्रिटनमधल्या सर्वांत उंच शिखरावर १८८३ पासून एक वेधशाळा होती. तिथं एटकिन यांच्या कणमोजकानं नोंदी व्हायच्या. १८९४ च्या सप्टेंबरमध्ये सी. टी. आर. विल्सन नावाचा तरुण तिथं दोन आठवडे राहिला. ढगांवर पडणारी सूर्यप्रकाशाची रंगीत वलयं पाहून तो भारावला, खाली येऊन त्यानं एटकिन यांच्या धर्तीवर हवा पसरवून ढग करायला घेतले. हवा पुरेशी पसरवली तर धूळ नसतानाही विद्युतभारित कणांवर थेंब धरतात, हे त्याच्या लक्षात आलं. त्यातून अणूच्या आतल्या कणांचा माग दाखवणारी मेघपेटी झाली आणि १९२७ चं नोबेल पारितोषिक.

दुसरी फांदी पावसाकडे गेली, आणि ती सोलापूरपर्यंत येऊन पोचली आहे. कण जास्त तर थेंब बारीक, हा बरणीतला हिशेब ढगांना लावला की निघतं की प्रदूषित हवेतले ढग जास्त पांढरे दिसतात आणि त्यांतले थेंब पाऊस होण्याइतके मोठे व्हायला वेळ लागतो. शॉन ट्वॉमी यांनी १९७० च्या दशकात हे मांडलं. पर्जन्यछायेतल्या भागाला हा प्रश्न जिव्हाळ्याचा. पुण्याच्या त्याच संस्थेनं २००९ पासून ढगांचा अभ्यास करणारी मोहीम चालवली, आणि तिच्या चौथ्या टप्प्यात सोलापूरच्या आभाळात विमानानं ढगांत कॅल्शियम क्लोराइडचे कण सोडले. पाणी ओढणारे, पण आकारानं मोठे आणि मोजके. निवडक ढगांखाली पट्ट्यात सरासरी १८ टक्क्यांच्या आसपास जास्त पाऊस झाल्याचा निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. कर्नाटक सरकारनंही २०१७ मध्ये वर्षाधारी या नावानं ढगांत बी पेरलं होतं. ढगच नसतील तर यातलं काही चालत नाही, हे मात्र दरवेळी सांगावं लागतं.

जॉन एटकिन नोव्हेंबर १९१९ मध्ये फॉल्कर्कमधल्या आपल्या घरीच वारले. वय ८०. त्यांचे निबंध कारगिल नॉट यांनी एकत्र करून १९२३ मध्ये केंब्रिजहून ग्रंथरूपानं छापले. बेन नेविसची वेधशाळा पैशाअभावी १९०४ मध्येच बंद पडली होती. तिचे पडके दगड शिखरावर अजून आहेत. मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहून बारीक असलेल्या हवेतल्या कणांना शास्त्रात आज एटकिन कण म्हणतात. महाबळेश्वरला २०१२ पासून पुण्याच्या संस्थेची ढगांचा अभ्यास करणारी उंचावरची प्रयोगशाळा चालते. असे कण मोजणाऱ्या आजच्या यंत्रांत पाण्याऐवजी बहुधा ब्यूटेनॉलची वाफ असते आणि डोळ्याऐवजी लेसर, बाकी रीत फॉल्कर्कच्या डबीचीच. आधी कणावर थेंब धरायचा, मग थेंब मोजायचा.